सुनेहरीची भूक

माझी थोरली जाऊ सुनेहरी. तिच्याएवढं खाणारी बाई दिल्लीकडच्या आमच्या गावात दुसरी नव्हती, आणि तिच्याएवढी सडसडीतही नव्हती. या दोन गोष्टी एकाच बाईच्या वाट्याला देऊन देवाने माझ्यावर उघड अन्याय केलाय असं मी कित्येक वर्षं मानत आले. मी सून होऊन या घरात आले तीच गुटगुटीत. पुढे बाळंतपणांत भर पडत गेली. आता अंगणातल्या खाटेवर मी बसले की आधी खाट बोलते आणि मग मी.

सुनेहरीचं तसं नव्हतं. चेहरा गोल, मानही भरलेली, पण मानेखाली सगळं नुसतं पीळदार. दंडावर शिरा अशा उठलेल्या की सुई टोचणाऱ्या नर्सला शोधाव्या लागू नयेत. चाऱ्याचा भारा डोक्यावर घेऊन ती शेतातून यायची तेव्हा मागून मी रिकाम्या हातांनी धापा टाकत यायचे. बायका मला म्हणायच्या, "कमलेश, जावेच्या ताटातलं चोरून खातेस काय गं? खाते ती आणि अंगाला तुझ्या लागतं."

हसायचे मी. दुसरं काय करणार?

सुनेहरी खायची मात्र खरीच. पहाटे म्हशीची धार काढली की रात्रीच्या शिळ्या रोट्या लोण्याबरोबर, मग न्याहारी, मग शेतात, मग घरी येऊन पुन्हा. सासूबाई चुलीपुढे बसून तिच्या रोट्या मोजायच्या, आणि मनातल्या मनात नव्हे. "हिच्या पोटात काय ट्यूबवेल खोदलीय का गं? टाकावं तेवढं जातंय खाली." सासूबाईंचं तोंड तसंच होतं. मलाही त्या 'म्हैस' म्हणायच्या, पण आमच्याकडे म्हशीला मान असतो, त्यामुळे मी ते मनावर घेतलं नाही. सुनेहरी उत्तर द्यायची नाही. खाली मान घालून घास संपवायची आणि ताट घासायला उठायची.

एकदा मी गोठ्यात गेले तर ही चारा कापायच्या यंत्रामागे उकिडवी बसून रोटी आणि कांदा खात होती. घाईघाईने, तोंडावर चवीचा लवलेश नाही. मला पाहून तिने पदर तोंडाला लावला. मी शेण भरलं आणि निघून आले. मला ते बघवलं नाही एवढं खरं.

म्हणूनच बहुतेक ती आपल्या मुलीच्या बाबतीत इतकी कडक होती. मंजीत तिची एकुलती एक, तेव्हा सोळाची. मुलगी दुसरी रोटी संपवून टोपलीकडे बघायला लागली की सुनेहरीचा हात ताटावर आलाच. "बस. मुलीच्या जातीने हात आखडता घ्यावा. सासरी लोक खाणं बघतात." मंजीत मुकाट्याने उठायची. लेकीच्या वाट्याला आपल्यासारखी बोलणी येऊ नयेत, एवढीच सुनेहरीची धडपड.

चाळिशीच्या आत सुनेहरीला शुगर झाली. सारखी तहान, सारखं लघवीला, आणि मुळात नसलेलं वजनही उतरायला लागलं. बातमी फुटली तशा शेजारणी चौकशीला आल्या. खाटेवर पडलेल्या सुनेहरीची विचारपूस करता करता सगळ्यांचे डोळे माझ्यावर. शुगर जाड्या माणसाला होते हे कुणालाही ठाऊक असतं. आजार चुकून शेजारच्या खाटेवर पडला असावा अशा नजरेने त्या माझ्याकडे बघत होत्या. एकीने तर विचारलंच, "आणि तुझं कसं काय, कमलेश?"

"माझं छान आहे," मी म्हटलं. "चहा घेणार, की तुम्हीही गोड सोडलंत?"

माझे थोरले दीर धरमबीर म्हणजे सुनेहरीचे मालक. माणूस भला, पण एकदा डोक्यात घेतलं की ट्रॅक्टर लावून ओढलं तरी हलायचा नाही. त्यांनी घरातला सगळा गूळ आणि साखर लोखंडी ट्रंकेत घालून कुलूप लावलं आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात ठेवली. मग म्हणाले, "गोड बंद. पण बाईच्या अंगात ताकद राहिली नाही. आता तूप वाढवा."

आणि वाढवलं आम्ही. डाळीत तूप, बाजरीच्या खिचडीत तूप, रात्री दुधात तूप. आमच्याकडे तुपाने कुणाचं वाईट झालंय असं म्हणणारा माणूस वेडाच ठरेल. पैलवान तुपावर उभे राहतात, बाळंतिणी तुपावर उठतात, जावयाची किंमत त्याच्या ताटातल्या तुपावरून कळते. घरात याबद्दल दुसरं मत असणारं कुणीच नव्हतं, मीही नव्हते. वाटी भरून सुनेहरीपुढे ठेवायचे ती मीच.

शुगर काही उतरेना. शहरातल्या डॉक्टरने गोळ्या वाढवल्या, मग इन्सुलिनची सुई दिली, मग सुईतलं औषध वाढवलं. शेवटी तो वैतागून तिच्यासमोरच दिरांना म्हणाला, "घरी लक्ष ठेवा. बाई चोरून गोड खाते. एवढ्या औषधाने घोड्याची शुगर उतरली असती."

झालं. सगळं घर पोलीस झालं. सासूबाई तिच्या तोंडाचा वास घ्यायच्या. दीर ट्रंकेचं कुलूप ओढून बघायचे. सुनेहरी एकदा धार काढता काढता मला म्हणाली, "कमलेश, गुळाचा खडासुद्धा मी तोंडात घातलेला नाही."

"मला माहीत आहे, जीजी."

"भूक लागते मला. लागते म्हणजे जातच नाही. रोटी खाते मी, पण गूळ नाही. तू तरी विश्वास ठेव."

मी ठेवला. पण माझ्या विश्वासाला त्या घरात विचारतो कोण? दिरांसमोर मी घुंगटातली, त्यांच्याशी कधी एक शब्द बोलले नव्हते.

त्या हिवाळ्यात सुनेहरीच्या पोटात अशी कळ उठली की ती जमिनीवर गडबडा लोळायला लागली. इस्पितळात नेलं. रक्त काढलं, नळी थोडा वेळ ठेवली, तर वर पांढरा थर, दुधासारखा. नळीवाला पोरगा ती घेऊन सगळ्यांना दाखवत फिरला. दीर मात्र ती नळी बघून छाती काढून म्हणाले, "घरच्या म्हशी आहेत आमच्या. रक्तात दिसणारच."

तिथल्या मोठ्या डॉक्टरने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की पोटातली एक ग्रंथी सुजली आहे, आत्ता वाचली, पुन्हा असं झालं तर वाचेलच असं नाही. तळलेलं अजिबात द्यायचं नाही. दिरांनी मान डोलावली. घरी येऊन आम्हाला म्हणाले, "आपल्याकडे तळलेलं कोण खातं? आपण तर तूप वरून घालतो." आणि अशक्त झालेल्या बायकोसाठी नवा डबा काढला.

सुनेहरी जाणार असं मला त्या दिवसांत वाटायचं, आणि चोर म्हणून जाणार याचा मला जास्त संताप यायचा.

वसंतात शेजारच्या घरी मुलाचं लग्न निघालं. पुरुष मंडळी वरात घेऊन नवरीच्या गावी गेली की मागे उरलेल्या बायकांचं राज्य असतं. आम्ही त्याला खोडिया म्हणतो. दारं लावून घ्यायची, बायकांनीच पुरुषांचे कपडे घालून नाचायचं, नकला करायच्या, आणि जे वर्षभर घुंगटाखाली दाबलं ते सगळं बोलून टाकायचं. बाहेर त्यातला शब्द जात नाही. खोडियात पैलवान व्हायचा तो सुनेहरीनेच, हे पंचक्रोशीत ठरलेलं. अंगात त्राण नव्हतं तरी बायकांनी तिला ओढून नेलंच.

तिने धोतर मांड्यांपर्यंत खोचलं, फेटा बांधला, काजळाच्या मिशा काढल्या आणि दंड थोपटत अंगणात उतरली. नवरी मी. पैलवानाने मला उचलायचा प्रयत्न केला आणि मी हललेसुद्धा नाही, तेव्हा बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. सुनेहरीही हसत होती. त्या आजारात ती पहिल्यांदाच हसली.

एक मुलगी तेवढी हसत नव्हती. गुंजन, नवरदेवाची चुलत बहीण, दिल्लीच्या कुठल्याशा मोठ्या इस्पितळात शुगरची डॉक्टर. ती सुनेहरीच्या पायांकडे टक लावून बघत होती. नाच संपला तशी ती सरळ तिच्यापुढे येऊन बसली.

"काकी, मांडीला जरा हात लावू का?"

बायकांनी एकच गिल्ला केला. "डॉक्टरीणबाई पैलवानावर भाळली गं. मांडव घातलेलाच आहे, उरकून टाका." गुंजनने तिकडे लक्ष दिलं नाही. तिने सुनेहरीच्या मांडीला चिमटा घेतला. बोटांत नुसतं कातडं आलं, कागदाएवढं. मग वळून तिने माझ्या मांडीला घेतला. तिची मूठ भरली आणि वर उरलं.

"कधीपासून असे पाय आहेत, काकी?"

"न्हाण आलं तेव्हापासून," सुनेहरी म्हणाली. "त्याआधी बाकी पोरींसारखेच होते. माहेरी आमच्या घरच्या बायका अशाच. माझ्या आईच्या पिंढऱ्या बघून बाप्ये लाजायचे."

"आई आहे?"

"गेली. पोटात दुखून गेली, मी लहान होते."

गुंजनने सुनेहरीच्या मानेमागचा काळा पट्टा अंगठ्याने पुसून पाहिला. त्या पट्ट्यावरून सासूबाईंनी तिला आयुष्यभर घाणेरडी म्हटलं होतं, आणि बिचारीने बेसनाने घासून घासून मान सोलून घेतली होती. "हा मळ नाही, इन्सुलिनचं काम अडलं की कातडी अशी काळी पडते," गुंजन म्हणाली. "आजवर कुठल्या डॉक्टरने पाय बघितले नाहीत तुमचे?"

"पाय कशाला दाखवू? रक्त तर हातातून काढतात."

दुसऱ्याच आठवड्यात गुंजन तिला दिल्लीला घेऊन गेली. काही दिवसांनी कागद आले तेव्हा ती स्वतः आमच्या अंगणात येऊन बसली. खाटेवर दीर आणि सासूबाई, भिंतीशी मी घुंगट ओढून, शेजारी सुनेहरी, दारात मंजीत.

"काकींच्या हातापायांत चरबीच नाही," गुंजनने सुरुवात केली. "जन्मतःच तसं लिहून आलंय, आईकडून. दिसायला लागतं ते वयात आल्यावर."

"मग चांगलंच आहे की," दीर म्हणाले. "लोक त्यासाठी धावतात."

"काका, धान्य आलं आणि कोठार नसलं तर कुठे टाकाल?"

"अंगणात."

"सडेल ना? काकींनी खाल्लेलं तूप ठेवायला जागा नाही. ते रक्तात फिरतं, यकृतात साचतं. नळीत दूध दिसलं ते हेच. त्यात तुम्ही वाटी वाटी ओतत होतात."

दिरांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

"आणि चरबी म्हणजे नुसतं कोठार नाही," गुंजन पुढे म्हणाली. "चरबीच्या पेशी प्रथिनं बनवतात, रक्तातून निरोप धाडतात. एक आहे अ‍ॅडिपोनेक्टिन. त्याच्यामुळे इन्सुलिनचं काम सोपं होतं, साखर जागच्या जागी जाते. काकींकडे ते फार कमी आहे, म्हणून सुया टोचून उपयोग होत नाही. दुसरं लेप्टिन. पोटापुरतं साठलंय, आता पुरे, हे ते मेंदूला सांगतं. पेशीच नाहीत तर निरोप कुठून जाणार? त्यांच्या मेंदूला वाटतं की बाई उपाशी आहे. ताटभर खाऊन उठल्या तरी उपाशी."

सुनेहरीने घुंगट मागे सारला. नवऱ्यासमोर, सासूसमोर.

"पुन्हा सांग, बाळ. भुकेचं तेवढं पुन्हा सांग."

गुंजनने पुन्हा सांगितलं, सावकाश.

"म्हणजे मी हावरट नव्हते?"

"नाही, काकी. तुम्हाला भूक लागत होती. खरी भूक."

सासूबाई जपमाळ ओढल्यासारखी बोटं हलवत बसल्या होत्या, हातात माळ नसताना. मला फार राग आला होता, कुणाचा ते मला कळेना. विषय बदलावा म्हणून मी गुंजनच्या कानात विचारलं, "मग माझ्याकडे तर कोठारंच कोठारं आहेत. मला का भूक लागते?"

ती हसली. "तुमचा निरोप जातो, काकी, उलट जास्तच जातो. रोज रोज तोच ओरडा ऐकून मेंदूने कान बंद केलेत. आणि पोटावरची चरबी फुगत गेली की अ‍ॅडिपोनेक्टिनही कमी होतं. मांड्यांवरची राहू द्या, ती बिचारी काही करत नाही. पोटाचं बघा. तुमचीही साखर उंबरठ्यावर असेल, तपासून घ्या."

दिरांनी उठून आतून तुपाचा डबा आणला, थोडा वेळ हातात धरून उभे राहिले आणि म्हणाले, "धाकटीला द्या."

"त्यांनाही नको," गुंजन म्हणाली.

घरातलं तूप सुटायला वेळ लागला. दीर ताटावर बसले की कोरड्या रोटीकडे मयताला आल्यासारखे बघायचे, पण त्यांनी बायकोच्या ताटात पुन्हा थेंब पडू दिला नाही. साय काढलेलं दूध, डाळ, भाजी, हरभरे, थोडं थोडं आणि अनेकदा. सुया कमी झाल्या. रक्त रक्तासारखं दिसायला लागलं. ट्रंकेचं कुलूप दिरांनी स्वतः काढलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागले, "आमच्या हिच्या चरबीचा निरोप वर जात नाही. दिल्लीहून कागद आलाय." भूक सुनेहरीची गेली नाही. ती जायची नव्हतीच. पण आता ती भर अंगणात उभी राहून म्हणायची, "कमलेश, भूक लागली गं," जशी दुसरी एखादी म्हणेल की ऊन लागलं. सासूबाई ते ऐकून तोंड फिरवायच्या. माफी मागणं त्यांच्या घराण्यात नव्हतं, पण हरभऱ्यांची वाटी हळूच पुढे सरकवायच्या.

दिवाळीच्या आधी गुंजन गावी आली तेव्हा तिने उरलेली गोष्ट काढली. हा आजार आईकडून मुलात जाण्याची शक्यता निम्मी असते. मंजीतचं रक्त बघायला हवं.

दीर ताडकन उठले. "मुलीला काही झालेलं नाही. उद्या सोयरीक करायची आहे तिची. गावात बोभाटा झाला तर कोण उंबरठा चढेल? बघ की, नीट जेवते, दोन रोट्या खाऊन उठते. आईसारखं काही नाही तिला."

सुनेहरीही चटकन म्हणाली, "नाही गं, बाळ, ती माझ्यासारखी नाही. तिला मी सवयच लावलेली नाही."

मंजीत दारातच होती. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"मां, माझंही भरत नाही."

"काय भरत नाही?"

"पोट. कधीच भरत नाही. तू ताटावर हात ठेवतेस ना, त्यानंतर मी पाणी पिते. झोप येईपर्यंत पाणीच पीत राहते. तुला लाज वाटेल म्हणून बोलले नाही."

दीर खाटेवर बसले ते बसलेच. गुंजनने नजर खाली घातली. सुनेहरी चुलीकडे गेली. तिने रोट्या काढल्या, डाळ वाढली, भाजी वाढली, ताट लेकीपुढे ठेवलं आणि समोर मांडी घालून बसली. मंजीतने आजीकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" सासूबाई म्हणाल्या. "आईने वाढलंय, खा." आणि त्या उठून बाहेर गेल्या. आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता.

मंजीत खायला लागली. दोन रोट्या झाल्यावर तिचा हात आपोआप थांबला. सुनेहरीने तिसरी ताटात ठेवली आणि तिथेच रडायला लागली. इतकी वर्षं बोलणी खाल्ली, इस्पितळ झालं, पण मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"माझी आईसुद्धा माझ्या ताटावर असाच हात ठेवायची," ती म्हणाली. "आणि ती स्वतः जेवली की नाही, तिचं पोट भरलं की नाही, हे मी तिला एकदाही विचारलं नाही, कमलेश."